वळणावरची रो-रो

कुवारबाव, रत्नागिरी
१६ नोव्हेंबर २०२५

गुरू,

पत्ता विनोदकडून मिळवला. त्याच्यावर चिडू नकोस. तो देत नव्हता. मी त्याच्या क्वार्टरच्या पायरीवर बसून राहिले, शेवटी त्याच्या बायकोनेच कागदाच्या कपट्यावर लिहून दिला. चाकण, कुठल्याशा गोदामामागची खोली. इंजिन चालवणारा माणूस गोदामात खोकी उचलतो हे मला अजून खरं वाटत नाही. असो.

फोन नंबर बदललास. नवा मागत नाही. पत्राचं बरं असतं, ते वाजत नाही. उघडायचं नसेल तर राहू दे तसंच.

इकडे ठीक. आप्पा गावी आहेत, कलमांवर फवारणी चालू आहे. यंदा पालवीच फार आली, मोहोर कधी येणार म्हणून येता-जाता झाडांकडे बघून बडबडतात. आई ठीक. म्हणजे, तू ओळखतोसच. तुझ्या खोलीतली चादर दर आठवड्याला बदलते. त्या चादरीवर कोणी झोपत नाही, तरी बदलते.

माझं तेच. दिवसभर डेंटल लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या, घरी आल्यावर टेबलावरच्या माझ्या छोट्या आगगाड्या. त्या दिवशी टेबलावरून ट्रक लादलेली ती रो-रो मालगाडी खाली पडली ना, तिच्यातल्या निम्म्या वाघिणी परत उभ्या केल्या. ट्रक जास्त मोडले होते. ते पहिल्यापासून करायला घेतलेत. लॅबमधल्या उरलेल्या मेणाचा ट्रक कोरायचा, त्याचा साचा काढायचा, साच्यात कवळीचं गुलाबी ॲक्रिलिक. रंग देण्याआधी ते ट्रक हिरड्यांसारखे दिसतात म्हणून तू हसायचास. आता खिडकीत त्यांची ओळ लावून ठेवलीय. शेजारच्या सानवीने विचारलं, "मावशी, एवढ्या बोळक्या गाड्या कुणाच्या?"

अडचण वाघिणींची आहे. नुसत्या सपाट फळ्या त्या, वजन नाही. पुढून इंजिनाने ओढलं की वळणावर मधल्या वाघिणी आतल्या बाजूला कलंडतात. मिरकरवाड्याला नझीरचाचांकडे गेले आणि जाळ्याच्या कडेला बांधतात ती शिशाची वजनं मागून आणली. चाचा म्हणाले, "अगो, तू गाडी करतंस का मासे पकडतंस?" शिसं ठोकून पातळ केलं, वाघिणींच्या पोटाला चिकटवलं. आता बऱ्या चालतात.

तू म्हणशील, हीच गाडी कशाला परत? दुसरं काही कर. घेतलं होतं रे. तो जुना परदेशी डबा आहे ना, त्याच्या खिडक्या बुजवून दिवा-सावंतवाडीचा डबा करायला बसले. दातांना बांधतात त्या बारीक तारेचे गज खिडक्यांना बसवले. दोन-चार खिडक्या झाल्या आणि उठले. परत रो-रोकडे. हात दुसरीकडे टिकतच नाही. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कशाला उठले ते आठवत नाही.

अपघाताच्या दिवसाबद्दल या घरात कोणी बोलायचं नाही असं तू सांगून गेलास. बोलत नाही. लिहितेय. ऑक्टोबरात कातळकोंडाच्या वळणावर तू चालवत होतास त्या रो-रोसमोर तो केरू आला आणि गेला, त्यात तुझी चूक नव्हती. चौकशीत तसं आलं. विनोद तुझ्या शेजारच्या सीटवर बसलेला, तोही तेच म्हणतो. आप्पांनी "आता कामावर जा" म्हटलं ते तुला लागलं, हे मला तेव्हाच दिसलं होतं. त्यांना दुसरं काही बोलता येत नाही. त्यांच्या लेखी दुखलं-खुपलं की काम.

जेवतोस ना?

ताई


७ डिसेंबर

गुरू,

उत्तर नाही. अपेक्षा नव्हती. तरी पोस्टमन रस्त्यावर दिसला की हातातली कवळी खाली ठेवून काचेतून बघते.

मी कातळकोंडला जाऊन आले. एवढं वाचून कागद फाडणार असशील तर थांब. तुझ्यासाठी गेले होते.

रविवारी एसटीने फाट्यापर्यंत गेले आणि पुढे चालत. लाइन तिथे जांभा कापून काढलेल्या खिंडीतून जाते हे तुझ्याकडून ऐकलं होतं, पण भिंत एवढी उंच असेल असं वाटलं नव्हतं. वर कडेला उभी राहून फोटो काढले, जमेल तेवढं टेपने मोजलं. हाताला दुसरं काही काम असलं की मला भीती कमी वाटते. वाडीतून खाली उतरणारी पायवाट रुळांपलीकडे शेतांत जाते, तीही मोजली.

एक बाई गवताचा भारा घेऊन येत होती. थांबली. "काय मोजतंस गो बाय?"

मी म्हटलं, "कॉलेजचं काम आहे."

तिने माझ्या केसांकडे बघितलं. "येवढी मोठी झालंस तरी कॉलेजात?" आणि हसली. मग म्हणाली, "तान लागली आसंल. चल, घर हितंच हाय." अंगणात बसवून तांब्याभर पाणी दिलं. तांब्या घेताना तिच्या हातांकडे लक्ष गेलं. बांगड्या नव्हत्या. गळा मोकळा. आतून कोणीतरी हाक मारली, "चिमाकाकी, वासरू सोडू का?" तुझ्या चौकशीच्या वेळी तिचं नाव मी ऐकलं होतं. केरूची बायको.

गुरू, पाणी तोंडात धरून बसले होते मी. मी कोण आहे ते सांगितलं नाही. "येते काकी" म्हटलं आणि निघाले. ती मागून म्हणाली, "उनाची जाऊ नको, बस वाईच." मी मागे वळून बघितलंही नाही.

तर मी काय करतेय ते सांगते. ते वळण प्लॅस्टरमध्ये उभं करतेय. भिंत, पायवाट, रुळांचा बाक, सगळं मापात. त्यावर आपली रो-रो. इंजिनाच्या खिडकीच्या उंचीवर डोळा आणला की पायवाटेवरचा माणूस कधी दिसतो ते कळेल. कागदावर लिहून आलेलं तू मानत नाहीस. मग डोळ्यांनी बघ. त्या भिंतीआडून देवालाही दिसलं नसतं.

आईने टेबल बघितलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं. "माणूस मेलाय तिथं, नमू. तू देखावा करतेस? गणपतीत मांडायचाय?"

मी म्हटलं, "गुरूसाठी करतेय."

"गुरूसाठी करायचं तर त्याला चार लाडू करून पाठव."

लाडूही पाठवतेय. तिने केलेत, मी नाही. सोबतचा डबा परत पाठवायची घाई नाही.

ताई


४ जानेवारी २०२६

गुरू,

वळण तयार झालं होतं. फळीवर गाल टेकवून मी इंजिनाच्या काचेतून बघितलं, मग मोबाइल तिथे टेकवून फोटो काढले. भिंत, भिंत, भिंत, आणि एकदम पायवाट. ट्रकांनी लादलेली अख्खी गाडी तेवढ्यात थांबवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. तोच पुरावा मी विनोदला पाठवला, त्याने तुला पाठवला. मी खूश होते. खोटं कशाला सांगू, त्या संध्याकाळी मी गुणगुणत होते.

काल विनोद घरी आला. खुर्चीच्या टोकावर बसला, चहा निवला तरी घेईना. मग तुझा निरोप वाचून दाखवला. "ताईला सांग, तो मला कधी दिसला ते मला माहीत आहे. मी शिटी दिली का, ते तिच्या प्लॅस्टरला माहीत आहे का?"

मी म्हटलं, "परत वाच." त्याने परत वाचलं.

म्हणजे हे होतं तुझ्या मनात. ब्रेक मारल्याचं तुला आठवतं, विनोद ओरडल्याचं आठवतं, शिटीच्या जागी नुसती पोकळी. विनोद म्हणतो, "ताई, मी शेजारी होतो, माझे कान फुटायचे राहिले होते." पण तू त्याला म्हणतोस, तू मित्र, तू असंच म्हणणार. इंजिनातल्या यंत्रात नोंद आहे, तर म्हणतोस ती वळणाआधीच्या शिटीच्या पाटीपाशी दिलेली असेल. घरात तू हे एका शब्दाने बोलला नाहीस. आणि मी तुला न विचारता भिंतीची उंची मोजत बसले.

लॅबमध्ये एका आजींच्या कवळीचा चावा चुकवला. बिचाऱ्या म्हणाल्या, भाकरी तुटते पण भात चावता येत नाही. परत करून देतेय.

गाडी वळणावरून फिरवते, परत फिरवते. एक वाघीण हमखास त्याच जागी उतरते. चाकं बदलली, जोडणी बदलली, शिसं वाढवलं. मग हातात घेऊन इतकी जोरात दाबली की मोडली. आता तिथे मोकळी जागा आहे. आई स्वयंपाकघरातून सारखी विचारते, "काय आपटलं?" काही नाही म्हणते.

मला पुढे काय करावं सुचत नाही. तुला काही सुचत असेल तर एक ओळ लिही. शिवी लिही हवी तर.

ताई


२५ जानेवारी

गुरू,

हे पत्र नीट वाच. उभ्याने नको, बसून वाच.

काल दुपारी दार वाजलं. बाहेर चिमाकाकी. नवं लुगडं, पायात चपला, हातात पिशवी. त्यांनीच उंबऱ्याबाहेरून विचारलं, "झाला काय तुजा कॉलेज?"

मी म्हटलं, "काकी, आत या."

"आमच्या लायनीवरच्या मुकादमानं सांगितलान. डायवराची भैन तू. मगे माज्याशी खोटा कशाला बोललंस?"

"भीती वाटली."

"कुनाची? माजी?" त्यांना ते खरोखर कळेना. "माजी काय भीती? माज्यात आता काय उरलंय भ्यायसारखा?"

आई बाहेर आली. कोण ते सांगावं लागलं नाही. तिने चिमाकाकींना खुर्ची दिली, पाणी आणलं, आणि पेला टेबलावर ठेवून स्वतः खाली बसली. पंखा बंद होता, तो मी लावला, मग परत बंद केला. थंडीच होती.

चिमाकाकी म्हणाल्या, "तू आमच्या हितला देखावा केलंस म्हनं. दाखव."

आई म्हणाली, "नको हो, कशाला जिवाला त्रास."

"दाखव गो."

मी त्यांना टेबलापाशी नेलं. ट्रक रंगवून झाले होते, वाघिणींवर साखळ्यांनी बांधलेले. त्या बराच वेळ ट्रकच बघत राहिल्या. "ह्यातच मानसा बसलेली असतात ना? डायवर लोक? आमाला हात करतात जाताना." मग प्लॅस्टरवरून बोट फिरवलं. "ही वाट अशी नाय. करवंदीच्या झाडीपासनं उतरते, हिकडून." तिथे पडलेला एक खिळा उचलून त्यांनी रुळांच्या मध्ये ठेवला. "हितं म्हस उभी व्हती. आडमुठी जात. आनि मी हितं, दरडीवर. भारा डोक्यावर."

त्यांचं बोट माझ्या फळीच्या बाहेर होतं, हवेत. तिथपर्यंत मी वळण केलंच नव्हतं, गुरू. मी फक्त इंजिनातून बघत होते.

मी विचारलं. हळू विचारणार होते, पण एकदम तोंडून गेलं. "काकी, शिटी वाजली होती का?"

"शिटी?" त्या माझ्याकडे वेड्यासारखं बघायला लागल्या. "अगो, शिटी आयकून तर मी वर बघितला. मारलान ती सोडलान नाय. लांब. वाडीतली मानसा भायेर आली ती शिटीनं, दुसऱ्या कशानं? माजी सासू बहिरी, ती पन म्हटलीन, काय झाला गो?"

"मग त्यांना ऐकू नाही आली?"

"आली ना. तो ह्या अंगाला पोचला पन व्हता. म्हशीसाठी मागं फिरला. मी हाक मारली, तर म्हटलान, 'आलोच.' म्हस पार झाली. तो नाय झाला."

आई रडत होती. चिमाकाकी रडल्या नाहीत. त्यांनी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती. "मला राग येतो. लोकांना वाटतं डायवराचा येत आसंल. मला त्याचा येतो. आलोच म्हटलान. मी त्याला बोलायची कशी आता? भांडायला तरी मानूस लागतं ना समोर?"

मग तुझ्याबद्दल विचारलं. कामावर जातो का. मी खरं सांगितलं: घर सोडून गेलाय, चाकणला गोदामात आहे, त्या दिवसापासून इंजिनात पाय ठेवला नाही.

त्यांना राग आला. चक्क राग. "तो गेला निघून? मी कुठं जाऊ? शेत त्या अंगाला, घर ह्या अंगाला. मला रोज त्याच रुलांवरनं जावा लागतंय."

निघताना पायात चपला सरकवता सरकवता त्या जे म्हणाल्या, त्यासाठी हे पत्र लिहितेय. जसंच्या तसं लिहिते. "तुज्या भावाला बोलव. मला त्याला शिव्या घालायच्या नायत, की माफ बिफ करायचा नाय. मी दरडीवर व्हती. मला त्याची पाठ दिसली. तोंड दिसला नाय. तुज्या भावाला दिसला आसंल. कसा व्हता, येवढाच विचारायचाय. दुसरा कोन सांगनार मला?"

आई त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेली. दोघी वाटेत काय बोलल्या ते आईने सांगितलं नाही. आल्यावर पाट घेऊन स्वयंपाकघरात बसून राहिली. मी जेवायला वाढलं तर म्हणाली, "तिला जेवायला थांबवायला हवं होतं गं."

आज सकाळी प्लॅस्टरचं वळण फोडून टाकलं. रो-रो ठेवलीय. ती सरळ फळीवर उभी आहे, मोडलेल्या वाघिणीच्या जागी मोकळी. मी परत बसते, उठते. पण आता मला तुझ्याबद्दल काही सिद्ध करायचं नाही. मी फक्त निरोप्या आहे. त्यांना हवंय ते तुझ्याकडेच आहे, विनोदकडेही नाही. त्याने डोळे मिटून घेतले होते, मला त्याने कबूल केलं.

द्यायचं की नाही ते तू ठरव.

ताई


चाकण
१० फेब्रुवारी

ताई,

मला पत्र लिहायची सवय नाही. शाळेत मामाला लिहिलेलं शेवटचं.

तुझी सगळी पत्रं वाचली. पहिलं आलं त्याच दिवशी वाचलं. लाडू खोलीतल्या पोरांनी संपवले, मला दोन मिळाले.

आधी एक. रो-रो पडली नव्हती. मी हाताने ढकलली. तू "पडली" लिहिलंस, ते वाचून मला जास्त लाज वाटली. तू ते ट्रक किती दिवस करत होतीस ते मला माहीत होतं. म्हणूनच ढकलले असतील. मला काहीतरी मोडायचं होतं.

मी कातळकोंडला जाऊन आलो. रविवारी. चिपळूणपर्यंत एसटी, तिथून दुसरी. घरी आलो नाही, कारण आई दिसली असती तर मी तिथपर्यंत गेलोच नसतो. तिला हे अजून सांगू नकोस. सांगितलंस तरी चालेल. तूच बघ.

बसमध्ये मी पाठ करत होतो. "शांत होता, काकी. त्याला काही कळलंच नाही." असं सांगायचं ठरवलं होतं. चांगलं वाटतं ना ऐकायला. फाट्यावर उतरलो तेव्हा वाटलं परतीची गाडी बघावी. उभा राहिलो. मग एका मोटारसायकलवाल्याने विचारलं कुठे जायचंय, आणि माझ्या तोंडून वाडीचं नाव गेलं. त्याने सोडलं. तो नसता तर मी काय केलं असतं कुणास ठाऊक.

चिमाकाकी अंगण सारवत होत्या. मी नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "बस." हात धुऊन आल्या, समोर बसल्या. पाणी दिलं नाही, काही नाही. म्हणाल्या, "सांग."

मी पाठ केलेलं सांगायला गेलो. "शांत" एवढं म्हटलं आणि पुढे येईना. त्यांच्याकडे बघून येईना. मग जे दिसलं होतं ते सांगायला लागलो. सांगता सांगताच आठवत गेलं, ताई. आधी आठवत नव्हतं.

मला रोज दिसतं त्यात तो माझ्याकडे बघत असतो. काचेतून, सरळ माझ्या डोळ्यांत. मी त्याला घाबरून गोदामात दिवे लावून काम करतो, दिवसासुद्धा. पण तसं नव्हतंच. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. गाडीकडेही नाही. एका हाताने म्हशीची शेपटी पिळत होता, दुसरा हात तिच्या पुठ्ठ्यावर, आणि तोंड चालू होतं. कपाळावर आठ्या. कुणावर तरी संतापला होता. म्हशीवर. शेवटपर्यंत म्हशीवरच.

मी हे सांगितलं. वाटलं, काय बोललो हे. मेलेल्या माणसाच्या बायकोला कोणी असं सांगतं?

काकींनी विचारलं, "आठ्या व्हत्या?"

"हो."

"आनि तोंड चालू?"

"हो काकी."

त्या हसायला लागल्या. खरंच हसल्या, पदर तोंडावर धरून. "शिव्या घालीत आसनार! सगल्या वाडीत कुनाला वाकडा बोलला नाय कवा. माज्यावर आवाज चढवलान नाय. पन म्हशीचा बा-आजा काढायचा रोज. भ्याला नाय म्हंजे. भ्यायला सवडच नाय गावली त्याला." आणि मग ते हसणं कधी बदललं ते मला कळलं नाही. त्या अंगणात बसून मोठ्याने रडायला लागल्या. शेजारची बाई धावत आली, माझ्याकडे बघायला लागली. मी उठावं की बसावं? बसलो. तू लिहितेस ना, बसलं की उठावंसं वाटतं. मला ऑक्टोबरपासून तसंच होतंय. तिथे पहिल्यांदा एका जागी बसून राहिलो.

शिटीचं मी विचारलं नाही. तू लिहिलं होतंस, तरी मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं, त्यासाठीच अर्धा गेलो होतो. तिथे ते राहूनच गेलं. बस घाट चढायला लागली तेव्हा लक्षात आलं.

म्हैस गोठ्यात आहे. शेपटीचा गोंडा नाही. काकींनी तिच्या दुधाचा चहा केला. मी कप धरून बसलो, ओठाला लावता येईना. त्या म्हणाल्या, "पी. तिचा काय दोष? मी पन तिला विकनार व्हती. कोन न्यायला आला की गोठ्याची कडी घालून बसते." प्यायलो. गोड होता, फार साखर.

निघताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, बरं झालं. ठेवला असता तर मी परत कधी गेलो नसतो. त्या फक्त म्हणाल्या, "भात लावायच्या वक्ताला मानूस कमी पडतो आमाला." मी म्हटलं, येईन. बघू, जमेल का. आप्पा हसतील मला चिखलात बघून.

काल ऑफिसला फोन केला. मेन लाइनवर इतक्यात नको म्हटलं. यार्डात शंटिंगवर घेतात का विचारलं. ते म्हणाले आधी डॉक्टरला भेट, मनाच्या डॉक्टरला, मग ठरवू. वेळ घेतलीय. इंजिनात चढल्यावर पाय कापतील की नाही मला माहीत नाही. कापले तर उतरेन, तिकीटघराबाहेर पाण्याच्या बाटल्या विकेन. पण एकदा चढून बघणार.

तुझ्या फोटोत चूक आहे. रो-रोच्या शेवटी गार्डचा डबा लावला नाहीस. असली गाडी मला कोणी दिली तर मी स्टेशनातून हलवणारही नाही. आणि ती जी वाघीण सारखी उतरत होती, तिची चाकं किंवा शिसं नसणार. तिच्याखालचा रूळच बघायला हवा होता, जोडाशी वर आला असणार. आता वळणच मोडलंस, तर काय बोलायचं.

गोदामातला हिशेब शुक्रवारी होतो. शनिवारी पहाटे निघतो, दुपारपर्यंत पोचेन. आईला आधी सांगू नकोस, ती चार दिवस झोपणार नाही. फक्त एक कर. बेल वाजली की तू हात धुवायला वगैरे जा.

दार तिला उघडू दे.

गुरू